तलावपाळीची फेरी सहाची, ऊन मात्र अकराचं

पहाटे तलावपाळीला किंवा उपवनला फेऱ्या मारणारे आजी-आजोबा ठाण्यात कमी नाहीत. चालणं चांगलंच, शरीराचा भार पेलूनच हाडं टिकतात. पण ‘कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं’ हा आपला लाडका गैरसमज. त्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण तेव्हा जवळजवळ नसतात; ते साधारण ११ ते २च्या उन्हात असतात. गॅलरीच्या बंद काचेतूनही ते आत येत नाहीत. म्हणून आठवड्यातून तीन-चारदा, अकराच्या सुमारास, हात-पोटऱ्या उघड्या ठेवून १५-२० मिनिटं सोसायटीच्या आवारात बसा. मे महिन्यात टोपी आणि पाणी सोबत हवंच, भोवळ येऊन पडलात तर सगळंच मुसळ केरात. आणि पावसाळ्यात? तेव्हा रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढीच गोळी.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० असतं, म्हणजे एका भाकरीने भागत नाही. दूध, दही, भाजलेल्या तिळाची चटणीही ताटात हवी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. हे बरेचजण विसरतात.

पासष्टीनंतर बायकांनी एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करावी. त्यातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असतील, तर नुसत्या आहारावर विसंबू नका, औषध लागतं.

आणि बाथरूममधलं ते सुळसुळीत पायपुसणं आजच काढा.