बल्ब मिणमिणत होता, दोष बटणात होता

चार नव्या सेलची 6 व्होल्टची बॅटरी, बटण आणि 6 व्होल्ट, 0.3 अँपिअरचा बल्ब, सगळे एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक. तरी बल्ब मिणमिणत होता. मी आधी बल्ब बदलला, मग वायरही. वेळ वाया गेला. मोजायला हवं होतं.

मल्टिमीटरवर (करंट, व्होल्टेज, रोध मोजणारं मीटर) करंट 0.23 अँपिअर आला. एकसर जोडणीत तो सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे करंटवरून दोषाची जागा कळत नाही. ती कळते व्होल्टेजवरून. सर्किट चालू ठेवून एकेका भागाच्या दोन टोकांना मीटरचे प्रोब (मोजायच्या तारांची टोकं) लावत गेलो. बॅटरीवर 6 व्होल्ट, बल्बवर जेमतेम 3.7. आणि दाबलेल्या बटणावर 2.3! तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं. 2.3 भागिले 0.23, म्हणजे बटणातच 10 ओहमचा रोध.

बटण उघडलं तर पितळी पट्टीवर हिरवट-काळा थर, नखानेही निघेना. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर पट्टी चकाकली. आता बटणावर 0.02 व्होल्ट दिसतात आणि बल्ब लख्ख पेटतो. मात्र रोध असा न काढता थेट मीटरने मोजायचा तर बॅटरी काढायलाच हवी, नाहीतर मीटर भलतंच दाखवतो.