बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीत ऊब कशी द्यायची, आपल्या मराठवाड्याच्या हवेत

थंडी पडली की पोरं विचारायलेत, दादा पेटीत हीटर कोणता टाकू. हीटर नंतर, आधी हे बघा की बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे ऑस्ट्रेलियातला सरडा, हा प्राणी अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो आणि पुरे झाली की सावलीत सरकतो. म्हणून सगळी पेटी एकसारखी तापवायची नाही, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सावली. (आणि स्टार कासव, घोरपड असलं देशी काही घरात पाळणं गुन्हा आहे, ते डोक्यात पण आणू नका.)

ऊन वरून येतं, तर ऊब पण वरूनच द्यायची. साधा पांढरा हॅलोजन, 50 ते 75 वॅटचा, एका टोकाला वर, चिनीमातीच्या होल्डरमधे, आणि भोवती जाळी पाहिजेच कारण हा चढून चिकटला की भाजतो. लाल-निळे नाईट बल्ब नकोत. वायरवाले गरम दगड विकतात ते तर फुकट दिले तरी घेऊ नका, पोट भाजेपर्यंत हा त्याच्यावरून उठत नाही.

बल्बखाली शहाबादी फरशी टाका. कुठंही बांधकाम चालू असलं की तुटका तुकडा मिळतो. पॉलिश नसलेली खडबडीत बाजू वर, कडा कानशीनं घासायच्या, गरम पाण्यात ब्रशनं धुवून उन्हात कडक वाळवायचा. दोन तुकडे एकावर एक ठेवले की लाईट गेल्यावर पण फरशी बराच वेळ कोमट राहते. फक्त खालचा तुकडा सरळ पेटीच्या तळाला टेकवा आणि मग भोवती माती टाका, हे महाराज खाली उकरतात आणि फरशी अंगावर घेतात.

फरशीवर 38 ते 42 डिग्री, सावलीच्या टोकाला 24 ते 28. हात लावून अंदाज नको, काचेला चिकटवायचे गोल थर्मामीटर पण नकोत, वायरवाला डिजिटल प्रोब घ्या नाहीतर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. जास्त दाखवलं तर बल्ब वर घ्या किंवा कमी वॅटचा लावा, आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरल्याएवढं ठेवणारं यंत्र) डिमरवाला घ्या, ऑन-ऑफवाल्यानं हॅलोजन दिवसभर लुकलुकत बसतो.

हाडांसाठी यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी ट्यूब वेगळी लागते, हॅलोजननं ते काम होत नाही आणि मग हाडं मऊ पडतात. खिडकीतलं ऊन पण चालत नाही, यूव्हीबी काचेतून येत नाही, वर काचेच्या पेटीवर थेट ऊन पडलं तर काही मिनिटात आत भट्टी होते. ऊन द्यायचंच तर सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर पोतं टाकून, आणि समोर बसून राहा, मांजर आणि घार दोघींचं लक्ष असतं.

रात्री सगळे बल्ब बंद. 18 पर्यंत उतरलं तरी चालतं, पण परभणीकडं पारा 10 च्या खाली जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर बघायलाच नको, तिथं उजेड न देणारा सिरॅमिक बल्ब थर्मोस्टॅटवर लावा. लाईटच गेली तर पेटीला तीन बाजूंनी गोधडी, हवेची जाळी उघडी ठेवून, आणि आत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. संध्याकाळी उशिरा खायला घालू नका, ऊब नसली की पचत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात असते. बाहेर 42-43 असलं की सावलीचं टोकच तापतं, मग दुपारी हॅलोजन बंद, ट्यूब चालू, पेटी खालच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत. कूलर खोलीत चालू द्या, झोत पेटीवर नको. फरशीवर तोंड उघडून बसला तर काळजी नाही, तो जास्तीची उष्णता सोडायलाय. पण सावलीच्या टोकाला जाऊन पण तोंड उघडंच असलं तर पेटी तेवढ्यापुरती गार खोलीत न्या आणि कोमट पाण्यात त्याचे पाय बुडवा, बर्फाचं पाणी अजिबात नको.