टेस्ट क्रॉसच्या आकड्यांवरून तीन जनुकांचा नकाशा कसा काढावा

परीक्षा जवळ आली की अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडांबरोबर एक सल्लाही पुण्यात फिरायला लागतो: प्रश्नात जनुकं ज्या क्रमानं दिली आहेत तोच क्रम धरा आणि थेट अंतरं काढा. हा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. प्रश्नात अक्षरं कशी मांडली, याचा जनुकांच्या गुणसूत्रावरच्या क्रमाशी काडीचाही संबंध नसतो.

टेस्ट क्रॉस नेहमीचाच: तिन्ही जनुकांसाठी विषमयुग्मी (प्रत्येक जनुकाची एक सामान्य, एक अप्रभावी म्हणजे दबून राहणारी प्रत) असलेला जीव आणि तिन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती अप्रभावी असलेला जोडीदार. फळमाशी घेतली असेल तर विषमयुग्मी मादीच हवी, कारण नरात क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल, होत नाही. पिल्लं मोजा आणि आठ गटांत वाटा. समजा १००० माश्यांचा हिशोब असा आला (अक्षर म्हणजे अप्रभावी, + म्हणजे सामान्य):

अ ब + : ३७७
+ + क : ३७१
+ ब क : ८१
अ + + : ७९
अ ब क : ४०
+ + + : ४४
+ ब + : ५
अ + क : ३

सगळ्यात मोठी जोडी पालकांची (अदलाबदल न झालेली), सगळ्यात छोटी डबल क्रॉसओव्हरची (दोन ठिकाणी अदलाबदल झालेली). आठही गट जवळपास सारखे असतील तर लिंकेज नाही, म्हणजे जनुकं एकत्र वारशानं जात नाहीत, तिथेच थांबा.

आता क्रम. मीही बरेच दिवस इथेच अडखळायचो, म्हणून सावकाश सांगतो. पालकांचा एक गट आणि छोट्या जोडीतला त्याच्याशी सगळ्यात जास्त जुळणारा गट एकाखाली एक लिहा: 'अ ब +' आणि '+ ब +'. ब तोच, क ची जागाही तशीच, बदललं फक्त अ. जे एकटं बदललं ते मधलं. दुसऱ्या जोडीवर पडताळा: '+ + क' आणि 'अ + क', पुन्हा अ च. म्हणजे खरा क्रम ब–अ–क. दोन्ही बाजूंना तुटून फक्त मधला तुकडा अदलाबदल होतो, म्हणून ही खूण चुकत नाही. क्रम मिळाला की आठही गट त्या क्रमानं पुन्हा लिहून काढा. हा कंटाळा करू नका, पुढच्या निम्म्या चुका इथेच टळतात.

अंतर काढताना छोटी जोडी 'नगण्य' म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. ते साफ चूक आहे. ब आणि अ मधलं अंतर: ८१ + ७९ + ५ + ३ = १६८, म्हणजे १००० पैकी १६.८ टक्के, अर्थात १६.८ सेंटिमॉर्गन (एक टक्का म्हणजे एक सेंटिमॉर्गन). अ आणि क मधलं: ४० + ४४ + ५ + ३ = ९२, म्हणजे ९.२. छोटी जोडी दोन्हीकडे धरायची, कारण त्या माश्यांमध्ये दोन्ही ठिकाणी अदलाबदल झालेली आहे.

फक्त टोकाच्या ब आणि क कडे पाहिलं तर २४.४ टक्केच पुनर्संयोजन (पालकांपेक्षा वेगळी जुळणी) दिसतं, आणि खरी बेरीज आहे २६.०. नारायण पेठेतून कुणी लकडी पुलावरून डेक्कनला गेला आणि भिडे पुलावरून परतला, तर सकाळ-संध्याकाळ पेठेत पाहणाऱ्याला तो नदी ओलांडून आलाय हे कळणारच नाही. डबल क्रॉसओव्हर टोकांकडून असाच लपतो. म्हणून ८ माश्यांचे १६ क्रॉसओव्हर मोजायचे, आणि १.६ टक्क्यांचा फरक भरून निघतो.

दोन जनुकांमधलं पुनर्संयोजन ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. त्यामुळे लांबचं अंतर थेट मोजू नका, जवळजवळच्या तुकड्यांची बेरीज करा. आल्फ्रेड स्टर्टेव्हंटनं १९१३ मध्ये फळमाशीच्या एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला, त्याचा पायाही अशीच छोटी अंतरं होती.

इंटरफिअरन्स, म्हणजे एक क्रॉसओव्हर शेजारच्या दुसऱ्याला किती अडवतो ते, विचारला तर: अपेक्षित डबल क्रॉसओव्हर ०.१६८ × ०.०९२ × १००० = सुमारे १५.५, मिळाले ८. मिळालेले भागिले अपेक्षित ०.५२, इंटरफिअरन्स १ − ०.५२ = ०.४८.

आणि आठऐवजी सहाच गट दिले असतील तर घाबरून प्रश्न सोडू नका. जे दोन गट गायब आहेत, तेच डबल क्रॉसओव्हर. त्यांची संख्या शून्य लिहा आणि क्रम त्यांच्यावरूनच ठरवा.