नाचता येईना की अंगणच वाकडं? अ‍ॅक्शन गेमचं परीक्षण लिहिताना या चुका टाळा

एका तलवारबाजीच्या गेमबद्दल मी एकदा ठणकावून लिहिलं होतं की यातली पॅरी (शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवून परतवण्याची चाल) उशिरा लागते, बटण दाबलं तरी पात्र झोपेतून उठल्यासारखं हलतं. तीन दिवसांनी कळलं की घरात कुणीतरी पिक्चर बघताना टीव्ही सिनेमा मोडवर टाकला होता आणि तो तसाच राहिला होता. टीव्हीचा गेम मोड लावला आणि ज्या बॉसने, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणाऱ्या तगड्या शत्रूने, दोन संध्याकाळी खाल्ल्या होत्या, तो दुसऱ्याच प्रयत्नात आडवा झाला. परीक्षण तोवर लोकांनी वाचलेलं होतं.

अ‍ॅक्शन गेममध्ये आपण सतत मरतो, आणि दर मरणामागे एक प्रश्न असतो: ही चूक कुणाची? माझ्या हाताची, माझ्या सामानाची की गेमची? कथेचा गेम असेल तर या प्रश्नावाचून निभावतं. इथे मात्र परीक्षण त्यावरच उभं असतं, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका त्याचं उत्तर घाईने दिल्यामुळे होतात.

सामान न तपासता गेमला दोष देणं

टीव्ही चित्र देखणं करण्यासाठी फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक स्थिर चित्र, थोडा वेळ अडवून ठेवतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर आणखीच. एरवी याचा काही त्रास नसतो. पण सेकंदाला 60 फ्रेम या गतीने चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते. टीव्हीने 100 मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही शत्रूला सहा फ्रेम शिळं बघताय. पॅरीची संधी सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याएवढीच असते, त्यातलं बरंचसं तिथेच गेलं.

म्हणून आधी गेम मोड. मग कान: टीव्हीला ब्लूटूथने जोडलेल्या इअरफोनमध्ये आवाज मागे पडतो, आणि बऱ्याच गेममध्ये हल्ल्याची पहिली चाहूल आवाजानेच लागते. मग कंट्रोलर. कॅमेरा आपोआप एका बाजूला सरकत असेल तर कॅमेऱ्यावर परिच्छेद लिहिण्याआधी कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची स्टिक झिजली आहे का ते बघा. दुसरा कंट्रोलर लावून बघायला दोन मिनिटं पुरतात.

तरी शंका राहिली तर माझा एक साधा उपाय आहे. तुमच्या हाताला पाठ असलेला एखादा जुना गेम त्याच टीव्हीवर, त्याच कंट्रोलरने लावा. तोही जड वाटला तर दोष सामानाचा. तो पूर्वीसारखाच चपळ वाटला आणि नवाच तेवढा जड, तर आता खुशाल लिहा.

कुठला कन्सोल, कुठला मोड, हे न सांगणं

हल्ली एकाच गेममध्ये दोन-तीन गेम दडलेले असतात. देखण्या चित्राच्या मोडमध्ये 30 फ्रेम, वेगाच्या मोडमध्ये 60. म्हणजे एका फ्रेमला 33.3 मिलिसेकंद की 16.7, एवढा फरक. काही गेम 120 हर्ट्झच्या (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर 40 फ्रेमचा तिसरा पर्यायही देतात. 2021 च्या ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’मध्ये तो आहे. 40 हा आकडा 30 च्या जवळचा वाटतो, पण वेळेच्या हिशेबात एक फ्रेम 25 मिलिसेकंदांची होते, म्हणजे बरोबर मधोमध. हाताला ते लगेच जाणवतं. मोड न सांगता ‘गेम सुरळीत चालतो’ असं लिहिलं, तर वाचकाने ते कुठल्या गेमबद्दल समजायचं?

यंत्र बदललं की फरक आणखी वाढतो. 2009 चा ‘बेयोनेटा’ एक्सबॉक्स 360 वर चपळ होता. त्याची प्लेस्टेशन 3 वरची आवृत्ती फ्रेम रेट आणि लोडिंग या दोन्हींत मागे पडली. चकवा देण्याच्या वेळेवर उभा असलेला गेम आहे तो, त्याला हा फरक झेपत नाही. 2020 च्या ‘सायबरपंक 2077’ची गोष्ट तर सगळ्यांना आठवत असेल. सुरुवातीची परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती. 10 डिसेंबरला गेम आला तेव्हा प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन यांवर त्याची दैना होती, आणि आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. तो परतला 2021 च्या जूनमध्ये. गेम चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू. ज्याच्याकडे जुना कन्सोल होता त्याला त्या परीक्षणांतून कामाचं काही मिळालं नाही.

आणि ‘फ्रेम रेट पडतो’ एवढंच लिहून थांबू नका. कुठे पडतो? रानातून चालताना पडला तर डोळ्याला खटकतं. पाच शत्रू अंगावर आलेले असताना पडला तर जीव जातो.

काठिण्याची पातळी गाळणं

2005 मध्ये ‘डेव्हिल मे क्राय 3’ उत्तर अमेरिकेत आला तेव्हा जपानी आवृत्तीतली ‘हार्ड’ पातळी तिथे ‘नॉर्मल’ नावाने दिलेली होती. पुढच्या वर्षीच्या विशेष आवृत्तीत ते सावरलं. तोवर दोन देशांतले लोक एकाच नावाची पातळी खेळून वेगवेगळ्या गेमबद्दल बोलत होते.

उलटही होतं. वेळ नाही म्हणून सगळ्यात सोपी पातळी घ्यायची, एकच बटण बडवत शेवट गाठायचा आणि मग लिहायचं की लढाई एकसुरी आहे. सोप्या पातळीवर खेळण्यात कमीपणा काहीच नाही; कित्येक वाचक तसंच खेळणार असतात. पण शत्रू तीन फटक्यांत मरत असतील तर बाकीच्या वीस चाली वापरायची वेळच येत नाही, आणि हे वाचकाला सांगायला हवं. मी स्वतः गेमने आपणहून सुचवलेल्या पातळीवर खेळतो आणि एक-दोन अध्याय वरच्या पातळीवर पुन्हा करून बघतो. लढाईची बांधणी पोकळ आहे की भक्कम, हे तिथे उघडं पडतं.

नाच वेगळा आहे हे न ओळखणं

प्लेस्टेशन 2 वरचा ‘गॉड हँड’ 2006 मध्ये आला तेव्हा एका मोठ्या संकेतस्थळाने त्याला 10 पैकी 3 गुण दिले. आज अ‍ॅक्शन गेमवर जीव टाकणारे लोक त्याचं नाव आदराने घेतात. झालं काय होतं? त्यात कॅमेरा पाठीला चिकटलेला, उजव्या स्टिकने तो फिरत नाही. इतर गेमच्या सवयीने बघितलं तर ही चूकच. पण ती उजवी स्टिक चकवे देण्यासाठी राखलेली आहे, कारण अडवण्याचं बटणच नाही. शिवाय तुम्ही चांगले खेळू लागलात की गेम आपणहून अवघड होत जातो. हे सगळं एकमेकांत विणलेलं आहे. एक धागा ‘जुनाट कॅमेरा’ म्हणून ओढला की उरलेलं समजतच नाही.

याचा अर्थ असा नव्हे की कळलं नाही तर दोष नेहमी आपलाच. 2013 च्या ‘मेटल गिअर रायझिंग’मध्ये पॅरी म्हणजे शत्रूच्या दिशेने स्टिक ढकलून हलका वार करायचा. चाल अफलातून आहे, पण ती शिकवताना गेमने हात आखडता घेतलाय. अशा वेळी दोन्ही लिहा: चाल उत्तम, शिकवणी कच्ची. दोन वेगळे दोष एका ‘कंट्रोल्स विचित्र आहेत’मध्ये कोंबू नका.

चाचणी अशी: जिथे अडलात तिथे थांबा, चालींची यादी उघडा, सराव खोलीत अर्धा तास घालवा, मग परत जा. वीस प्रयत्नांत प्रगती झाली, तर गेम काहीतरी शिकवतोय. विसाव्या वेळीही पहिल्यासारखंच, काही न कळता मेलात, तर अंगण तपासायला घ्या.

अंगण खरंच वाकडं असेल तर

पुरावा गोळा करा. कन्सोल मागच्या काही मिनिटांचं चित्रण आपोआप राखून ठेवतात. मेल्या मेल्या ते जतन करा आणि सावकाश बघा. हल्ल्याआधी शत्रूने काही खूण दिली होती का? तो पडद्यावर होता का? तुमचं बटण गेमने गिळलं का, की तुम्हीच आधीच्या वाराच्या मध्यात दाबलं होतं? (बहुतेक वेळा शेवटचं निघतं. निदान माझं तरी.)

पाठीमागून येणारे वार हा या जातीच्या गेमचा जुना रोग. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’ने कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्यापाशी आणला तेव्हा ही अडचण येणारच होती, म्हणून त्याच्याभोवती बाण दिले, जे मागचा शत्रू कुठे आहे ते दाखवतात आणि हल्ला येताना रंग बदलतात. असा काही उपाय केलेला नसेल आणि अंधारातून भाले येत असतील, तर तो दोष निःशंक गेमचा.

‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द

तो आणि त्याचा भाऊ ‘स्मूथ’. दोघांनाही महिनाभर सुट्टी द्या.

‘वाराला वजन आहे’ असं लिहिता तेव्हा ते वजन कुठून येतं ते सांगा. बऱ्याचदा वार लागताक्षणी दोन्ही पात्रं काही फ्रेम गोठतात, सोबत कंट्रोलर थरथरतो आणि आवाज जाड होतो. ‘चपळ आहे’ म्हणजे वार अर्धा सोडून चकवा देता येतो, की एक वार चालू असताना दाबलेलं पुढचं बटण गेम लक्षात ठेवतो? ‘कुऱ्हाड एकदा उचलली की खाली येईपर्यंत आपण तिचे गुलाम, म्हणून प्रत्येक वार हिशेबाने करावा लागतो’ असं एक वाक्य लिहिलं, तर ज्याला असला गेम आवडतो तो घेईल आणि ज्याला नाही तो बचावेल.

पहिली श्रेयनामावली आली की खेळ संपवणं

2017 चा ‘निअर: ऑटोमाटा’ इंग्रजी अक्षरांच्या संख्येएवढे, म्हणजे 26 शेवट घेऊन येतो, आणि पहिली श्रेयनामावली येते तेव्हा निम्मी कथाही झालेली नसते. सगळं पुरं करणं मुदतीत जमलं नाही तर कुठवर पोचलात ते लिहा. वाचक रागावत नाही, लपवलं तर रागावतो.

पॅचचंही, म्हणजे गेम आल्यावर येणाऱ्या दुरुस्त्यांचंही, तसंच. पहिल्या दिवशीचा पॅच टाकून खेळलात की त्याआधीची आवृत्ती, हे आकड्यासकट नोंदवा. नंतर दुरुस्ती आली तर जुनं वाक्य गुपचूप पुसू नका. त्याखाली तारीख घालून काय बदललं ते जोडा. माझ्या त्या पॅरीच्या परिच्छेदाखाली अजून तशी एक ओळ आहे: ‘दोष टीव्हीचा होता.’