सी मध्ये ऐनवेळी बनलेली स्ट्रिंग फाइलमध्ये नीट कशी लिहायची

स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ. समजा रावेर-यावलकडच्या केळीच्या काट्यावरच्या पावत्या सी प्रोग्राममधून फाइलमध्ये टाकायच्यात. गाव, वजन, भाव आणि शेवटी व्यापाऱ्याचा शेरा, तो कधी एक शब्द तर कधी चार ओळी. म्हणजे ओळ किती लांब होईल ते आधी कळतच नाही, तरी बरेच जण १०० बाइटचा ॲरे (ठरलेल्या मापाची जागा) घेऊन मोकळे होतात. तसं करू नका भाऊ. आधी लांबी काढा, मग जागा घ्या, आणि ती लांबी शेवटपर्यंत हाताशी ठेवा.

लांबी एसएनप्रिंटएफ (snprintf) हे फंक्शन काढून देतं. पहिल्यांदा बफरच्या (ज्या जागेत लिहायचं तिच्या) जागी नल आणि साइझ ० द्या, ते लिहीत काहीच नाही पण किती बाइट लागतील तो आकडा परत देतं, सी९९ या सीच्या प्रमाण आवृत्तीपासून हे पक्कं आहे. आकडा निगेटिव्ह आला तर तिथंच थांबा. स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटची जागा त्यात धरलेली नसते म्हणून जागा देणाऱ्या मॅलॉककडे (malloc) एक जास्त मागा, जागा मिळाली का बघा आणि तोच फॉरमॅट (ओळीचा साचा) आणि ही जागा देऊन एसएनप्रिंटएफला परत कॉल करा.

अक्षरं बोटावर मोजून हिशोब तर अजिबात नको. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा, म्हणून नुसतं "रावेर" १५ बाइटचं होतं.

आता लिहायचं. एफराइटला (fwrite) स्ट्रिंग, १, लांबी आणि फाइल द्या, आणि परत आलेला आकडा लांबीएवढाच आहे का बघा. इथं लांबीच्या जागी साइझऑफ (sizeof) टाकलं की घोळ होतो, कारण मॅलॉकने दिलेला असतो पॉइंटर, म्हणजे जागेचा नुसता पत्ता, आणि ६४-बिट मशीनवर त्याची साइझ ८ बाइट, मग रावेरचं "रा" तेवढं धड येतं आणि "व" अर्धवट तुटतो. एफपुट्सही (fputs) चालेल. पण एफप्रिंटएफला (fprintf) स्ट्रिंगच फॉरमॅट म्हणून देऊ नका, शेऱ्यात कुणी "घट ५%" लिहिलं तर तो % फॉरमॅटचा भाग समजला जातो आणि पुढं काय होईल त्याचा नेम नाही.

पावत्या एकाच स्ट्रिंगला जोडत जायच्या असतील तर जागा संपली की रिअलॉकने (realloc) ती दुप्पट करा, पण उत्तर वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नाहीतर रिअलॉक फसलं की जुना पत्ताही गेला. स्ट्रिंग जोडणारं स्ट्रकॅट (strcat) दरवेळी सुरुवातीपासून शेवट शोधत बसतं, त्यापेक्षा लांबी हाताशी आहेच, थेट तिथून पुढं लिहा.

आणि खरं सांगायचं तर स्ट्रिंग दुसरीकडे कुठं लागतच नसेल तर बनवूच नका, फॉरमॅट देऊन एफप्रिंटएफने सरळ फाइलमध्ये लिहा.

जुन्या पावत्या ठेवायच्या असतील तर फाइल ए ("a") मोडमध्ये उघडा, डब्ल्यू ("w") सगळं पुसतं. शेवटी मॅलॉकची जागा फ्री करा, आणि फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजचं (fclose) उत्तरही तपासा, डिस्क भरलेली असेल तर ते बऱ्याचदा तिथंच कळतं.