इंग्रजी शब्दखेळात अक्षरांवरून शब्द सापडत नाही? या चुका टाळा

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोयच नाही, त्यामुळे आमच्याकडे जेवणं आटोपली की कूलरसमोर चटई टाकून स्क्रॅबलचा (अक्षरांच्या सोंगट्या जोडून इंग्रजी शब्द बनवायचे, प्रत्येक अक्षराला ठरलेले पॉइंट) बोर्ड निघतो आणि चार वाजेपर्यंत तोच चालतो. परवा भाची हातात डब्ल्यू घेऊन दहा मिनिटं नुसती बसून होती. "मावशी, या डब्ल्यूचं काहीच होऊन नाही राहिलं, बदलून घेऊ का?" समोर बोर्डवर रिंग लागलेलं, आर-आय-एन-जी, आणि आरच्या आधीचं घर मोकळं. म्हटलं लाव ना तिथेच. डब्ल्यू-आर-आय-एन-जी, म्हणजे पिळणे, ओला कपडा पिळतो तसं, सरळ ९ पॉइंट. ती म्हणे, "पण हे तं ऐकायला रिंगच आहे!"

हीच ती चूक, आणि आपल्या मराठी लोकांची सगळ्यात मोठी हीच आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे बहुतेक जसं बोलतो तसंच लिहितो, म्हणून इंग्रजी शब्दसुद्धा आपण मनात देवनागरीतच ऐकतो आणि जे अक्षर कानाला लागत नाही ते शोधायला जातच नाही. नाऊ लागलं असेल, एन-ओ-डब्ल्यू, तर त्याच्या आधी के लावून नो होतं, म्हणजे माहीत असणे, ११ पॉइंट. रॅपच्या आधी डब्ल्यू, अवरच्या आधी एच, प्लमच्या शेवटी बी (प्लंबरमधला तोच बी). तशीच गत 'फ'ची, आपण फक्त एफ धरून बसतो आणि फोनमधला पी-एच, कफमधला (खोकला, सी-ओ-यू-जी-एच) जी-एच आठवतच नाही. 'व' ऐकला तर व्ही आणि डब्ल्यू दोन्ही लावून बघा. 'क' ऐकला तर सी, के, क्यू आणि कॉर्डसारखा (सी-एच-ओ-आर-डी) सी-एच, सगळे. आणि व्हॉवेल नाही म्हणून शब्दच नाही असंही समजू नका, रिदम बघा, आर-एच-वाय-टी-एच-एम, पाचपैकी एकही व्हॉवेल नाही.

सर्चमध्ये काही येत नाही तेव्हा

मोबाईलवर वर्ड फाइंडर (अक्षरांवरून शब्द शोधून देणारं टूल) उघडून लोक अक्षरं टाकतात आणि म्हणतात चुकीचेच शब्द येऊन राहिले. बहुतेक वेळा टूल बरोबर असतं, प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. आर, ए, टी ही अक्षरं शब्दात कुठेही असली तरी चालतील हा एक प्रश्न, ती याच क्रमाने चिकटून हवीत हा दुसरा, आणि अमुक नंबरच्या घरातच हवीत हा तिसरा. हार्टमध्ये तिन्ही अक्षरं आहेत पण आर-ए-टी सलग नाही, ग्रेटमध्ये (जी-आर-ए-टी-ई, किसणे) सलग आहे. पहिल्याच्या खान्यात तिसरा प्रश्न टाकला की यादी येते शेकड्यांनी आणि कामाचा शब्द एकही नाही. बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि फुली (*) म्हणजे कितीही अक्षरं असं चालतं, एक्सेलच्या फिल्टरमध्येही तसंच आहे, तर शब्द पाच अक्षरीच हवा असेल तिथे फुली टाकू नका, मोजून प्रश्नचिन्हं टाका.

आता वर्डलचं, कारण इथे माझ्या ओळखीतले अर्धे लोक अडकतात. यात पाच अक्षरी शब्द सहा संधींत ओळखायचा असतो; अक्षर हिरवं म्हणजे जागा बरोबर, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण जागा दुसरी, राखाडी म्हणजे नाही. समजा उत्तर आहे अबाइड, ए-बी-आय-डी-ई, आणि तुम्ही टाकलं स्पीड, एस-पी-ई-ई-डी. पहिला ई पिवळा येतो, दुसरा ई राखाडी. लोक राखाडी बघून ई वर्ड फाइंडरच्या 'नको' यादीत टाकतात, तोच ई 'हवा' यादीतही असतो, आणि सर्च शून्य उत्तरं दाखवतं, मग टूलला शिव्या. त्या राखाडी ईचा अर्थ एवढाच की या शब्दात ई एकच आहे आणि त्या चौथ्या घरात नाही. 'नको' यादीत तेच अक्षर टाका जे सगळीकडेच राखाडी आलंय. शून्य उत्तरं आली की सगळ्यात आधी हेच तपासा, नंतर बाकीचं.

दुसरा सापळा आय-जी-एच-टी. चार घरं हिरवी झाली की वाटतं आता तर जमलंच, आणि मग लाइट, माइट, नाइट, राइट, फाइट, साइट, टाइट, एट असे एकेक टाकत सहा संधी संपतात. एकेक कशाला टाकायचा? फिल्म्स टाका, एफ-आय-एल-एम-एस, एका फटक्यात चार पहिली अक्षरं तपासली जातात. हार्ड मोड चालू असेल तर हे करता येत नाही कारण हिरवं अक्षर जागेवर ठेवावंच लागतं, म्हणून अशा शेपटीचा शब्द दिसू लागला की हार्ड मोडवाल्यांनी आधीच सावध राहावं. आणि वर्डल अमेरिकन स्पेलिंगवर चालतं, शाळेत शिकलेला ओ-यू-आर तिथे घेऊन बसू नका, फेवर म्हणजे एफ-ए-व्ही-ओ-आर.

यादी कोणती, हे आधी ठरवा

स्क्रॅबलमध्ये भांडणं होतात ती यावरूनच. अमेरिका-कॅनडाची चालणाऱ्या शब्दांची यादी वेगळी आणि बाकी जगात बहुतेक ठिकाणी चालते ती कॉलिन्स डिक्शनरीची वेगळी, झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकन यादीत नाही. आमच्याकडे एकदा एका अ‍ॅपने शब्द दिला, दुसऱ्याच्या फोनने तो नाकारला, आणि अर्धा तास खेळ बंद. आता पहिली सोंगटी उचलायच्या आधीच आम्ही यादी ठरवतो.

आणि बेटा, आपल्या घरातले शब्द सोडू नका हो! रोटी, धोती, घी (जी-एच-ई-ई), लाख, क्रोर, घेराव हे सगळे इंग्रजी डिक्शनरीत आहेत आणि चालतात. एल-ए-के-एच, चार अक्षरांत ११ पॉइंट. लोक हे मराठी-हिंदी म्हणून हातचे सोडतात, मला खरंच वाईट वाटतं. नागपूर मात्र चालणार नाही, गावांची आणि माणसांची नावं चालत नाहीत.

शोधताना सुरुवात कुठून करायची तेही सांगते. स्क्रॅबल बनवणारे अमेरिकन आर्किटेक्ट अल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून सोंगट्या ठरवल्या, म्हणून १०० पैकी १२ ई आहेत आणि क्यू, झेड, जे, एक्स, के एकेकच. ईवरून शोधाल तर अख्खी डिक्शनरी समोर येईल. हातातलं सगळ्यात दुर्मिळ अक्षर आधी टाका, यादी आपोआप आवरते.

क्यू हातात आला की यूची वाट बघत बसू नका. यू चारच आहेत आणि खेळ संपला तेव्हा क्यू हातात राहिला तर १० पॉइंट कापले जातात. क्यू-आय दोन्ही याद्यांत चालतो, फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असाही चालतो, आणि एक मोकळा आय तर बोर्डवर बहुतेक असतोच. तेही नाही जमलं तर पिशवीत किमान ७ सोंगट्या शिल्लक असेपर्यंतच बदलता येतं, एक पाळी जाते पण जाऊ द्या. भाचीने काल तेच केलं, क्यू टाकला आणि उचलला तर हातात एस.