नागीण उठली तर पहिले ७२ तास

अंगाच्या एकाच बाजूला, बरगडीखाली किंवा कंबरेवर आधी आग आणि ठणका, मग दोन-तीन दिवसांनी त्याच पट्ट्यात पाण्याने भरलेल्या फोडांचे झुबके. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत काम करणाऱ्याला हे झालं की ‘फवारणीचं औषध उडलं असेल’ म्हणून दुर्लक्ष होतं. पावसाळ्यात ‘किडा फिरला’ म्हणतात. औषधाचं पुरळ जिथे जिथे औषध लागलं तिथे, बहुधा दोन्ही हातांवर आणि मानेवर उठतं, आणि त्याला खाज जास्त असते. नागीण शरीराची मधली रेष सहसा ओलांडत नाही, आणि तिचं दुखणं बहुतेकदा पुरळाच्या आधी येतं.

नागीण ज्या विषाणूमुळे उठते, तो बाहेरून नव्याने आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, फोड सुकले, पण व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये राहून गेला. तिथे तो जवळजवळ कोणतंच प्रथिन बनवत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला पकडायला काही सापडत नाही. एरवी पेशीच्या आत विषाणू वाढू लागला की त्याच्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी-१ नावाचे रेणू पेशीच्या पृष्ठभागावर आणून दाखवतात. ते पाहून टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, त्या पेशीला मारतात. विषाणू जागा झाला की तो नेमकी हीच वाट अडवतो: त्याच्या ओआरएफ६६ प्रथिनामुळे एमएचसी-१ पेशीच्या आतच, गॉल्जी भागात, अडकून पडतात. ओठांवर तापाचे फोड उठवणारा त्याचा भाऊबंद, हर्पिस सिम्प्लेक्स, आणखी आधी हात घालतो. त्याचं आयसीपी४७ प्रथिन टॅप नावाचा वाहक बंद करतं, म्हणून तुकडे एमएचसी-१पर्यंत पोहोचतच नाहीत. अशी अडवणूक कायम टिकत नाही, टी-पेशी अखेर विषाणूला आवरतातच. पण मधल्या दिवसांत तो मज्जातंतू पोळून काढतो. वय ५०च्या पुढे गेलं, मधुमेह असला, केमोथेरपी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, एचआयव्ही असला, की टी-पेशींचा हा पहारा सैल पडतो आणि नागीण उठते.

म्हणून घाई करायची. औषध फक्त वाढत्या विषाणूवर चालतं. असायक्लोव्हिर विषाणूच्याच थायमिडिन कायनेज या विकराकडून कामाला लागतं आणि त्याच्या डीएनएची साखळी पुढे वाढू देत नाही. गाठीत निपचित पडलेल्या विषाणूला ते शिवतही नाही. पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी पोटात गेली तर फायदा सर्वांत जास्त. नंतरही नवे फोड येत असतील, किंवा डोळा-कानाजवळ असेल, तर डॉक्टर औषध देतातच, म्हणून ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नका.

मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस असा: असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० अशी वेळ बांधली तर चुकत नाही. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून ३ वेळा, ७ दिवस. पाच वेळा गोळी घेणं शेतावर जमत नाही, त्यांना दुसरं सोयीचं, आणि ते शरीरात शोषलंही जास्त जातं. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. मूत्रपिंडं कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध साठून माणूस भ्रमिष्ट बोलू लागतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट असेल तर तो सोबत न्या. पाणी भरपूर प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर आधी विचारा.

गेरू, चुना, राख, भगताकडून उतरवून घेणं, यात ७२ तास निघून जातात, आणि उघड्या फोडांत जंतू शिरतात ते वेगळंच. नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की माणूस जातो, ही भीती गावोगाव आहे, पण ती निराधार आहे. पट्टा एका बाजूच्या एकाच मज्जातंतूच्या हद्दीत वाढतो, म्हणून तो सहसा मध्यावरच थांबतो. मेडिकलमधून आणलेली तीन-चार औषधांची मिश्र मलमं लावू नका. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि विषाणूने आधीच अडवलेली प्रतिकारशक्ती तिथे आणखी दबते. साबण-पाण्याने अलगद धुवा, कोरडं करा, सुती कापडाने सैल झाका.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला, डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, कारण डोळ्याची आणि नाकाच्या शेंड्याची नस एकाच फांदीची आहे. कानात फोड येऊन चेहरा वाकडा झाला, पट्टा सोडून अंगभर फोड आले, किंवा तापाबरोबर गुंगी आली, तर रात्र काढू नका. गावातून निघून नाशिकचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर बाई, तान्हं मूल आणि कांजिण्या न झालेल्यांपासून दूर राहा. कांजिण्या न झालेल्याला या फोडांतून नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात.

फोड गेले तरी ठणका उरला, कपड्याचा स्पर्शही सोसेना, तर साध्या वेदनाशामकाने भागत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन लागतं, आणि ते कमी डोसपासून हळूहळू वाढवतात. झोप-चक्कर येते, म्हणून सुरुवातीला गाडी चालवू नका.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी शिंग्रिक्स लस भारतात मिळते: दंडात २ डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याचं जीई प्रथिन आणि प्रतिकारशक्ती चेतवणारा घटक आहे. नागीण होऊन गेलेल्यांनीही ती घ्यावी, मात्र फोड पूर्ण बरे झाल्यावर. दंड दुखणं आणि एक-दोन दिवस ताप-कणकण हे अपेक्षितच आहे, त्यासाठी दुसरा डोस टाळू नका.